तिसरी पिन

दादा, तुझ्या गिटारची गुरगुर परत आली आहे. मीच आणली.

तू असतास तर ओसरीवरूनच ओरडला असतास, "पाह्य वो, या आयटीआयवालीनं माह्या गिटारच्या नव्या पिकअपचा सत्यानाश केला!" आणि वहिनी आतून हसली असती. आता वहिनी ओसरीवर फिरकत नाही. तू ज्या कोपऱ्यात गिटार उघडून बसायचास तिथं तिनं गव्हाची कोठी ओढून ठेवली आहे, म्हणजे त्या जागी कुणाला बसताच येऊ नये. मी देऊळगाव राजाला माझ्या घरी परतले आहे आणि तुला हे लिहायला बसले आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं. अर्धी वायरिंग सोडून मी कधी कुणाच्या घरून उठले नाही, मग तुझ्यापाशीच का उठू?

लोक म्हणतात तुला अटॅक आला. जानेफळच्या आपल्या घरी भेटायला आलेला प्रत्येक माणूस दारातच चप्पल काढता काढता हे म्हणायचा. अटॅक म्हटलं की पुढचे प्रश्न संपतात. साउंडवाल्याला कुणी बोलत नाही, गावच्या मंडळाला कुणी बोलत नाही, आणि मेलेल्या माणसाला तर बोलायचंच नसतं. तुमच्या गाण्याच्या पार्टीचे गायक दिलीपभाऊ माझ्यासमोर मान खाली घालून बसले आणि म्हणाले, "काळ आला होता ताई, आपुन काय करनार?" मी त्यांना चहा दिला. पण मी वायरमन आहे, दादा. खांबावर चढून पोट भरते. तुझ्या डाव्या हाताची बोटं मी पाहिली होती. गिटारच्या तारांच्या खाचा तुझ्या बोटांवर कायमच्या होत्या, त्या मला पाठ होत्या. त्या दिवशीची रेघ वेगळी होती. काळी होती.

कसं झालं ते मला दिलीपभाऊंनीच सांगितलं. लोणारकडचं गाव, जयंतीचा मंडप, संध्याकाळची वेळ. पार्टी स्टेजवर चढली, वाद्यं लागली, दिलीपभाऊ पाणी प्यायला स्टेजच्या मागे गेले होते. तू आयुष्यात कधी माइकवर बोलला नाहीस. वीस माणसांत उभा राहिलास तरी तुझी जीभ टाळूला चिकटायची, म्हणून तर तू गाणं सोडून गिटार धरलीस. पण त्या दिवशी तुझी गिटार पहिल्यांदाच गुरगुरत नव्हती आणि तू खुशीत होतास. एक हात तारांवर ठेवून तू माइककडे वाकलास आणि म्हणालास, "आवाज येऊन राह्यला का?"

समोरचे लोक "हो" म्हणाले. तू उत्तर दिलं नाहीस. तू खाली बसलास तेव्हा पोरं हसली, त्यांना वाटलं भाऊ गंमत करून राह्यले.

ही गुरगुर आपल्या घरात किती वर्षं होती रे! ती गिटार तू कुणाकडून तरी जुनी आणलीस, पांढरी पाटी पिवळी पडलेली, मागं कुणीतरी बदाम कोरून दोन अक्षरं लिहिलेली. आई म्हणाली होती, "दुसऱ्याचं प्रेम घरात काऊन आनलं?" आणि अँप्लिफायरला लावली तशी ती गुरगुरायला लागली. दुसऱ्यांच्या गिटारवर हात ठेवला की गुरगुर बसते, तुझी मात्र बसायची नाही. तू तिला थोपटायचास, चुचकारायचास, एकदा तर शिव्याही दिल्यास. गल्लीतले लोक लांबून ओळखायचे, आनंदभाऊ आले वाटतं घरी.

मग तुला तो शोध लागला. अँप्लिफायरचा तीन पिनांचा प्लग उघडायचा, वरची जाड पिन काढून ठेवायची, प्लग परत बंद. गुरगुर पुष्कळ कमी. तुला वाटलं तू जग जिंकलंस. मी सुट्टीत घरी आले तेव्हा तू मला तो प्लग दाखवलास आणि मी तुझ्यावर अशी ओरडले की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.

"दादा, ही पिन शोभेची नाही. अँप्लिफायरच्या पेटीत करंट उतरला तर तो या वाटेनं जमिनीत जातो. वाट बंद केलीस तर तो दुसरी शोधंल."

"मंडपातल्या बोर्डाले भोकं दोनच असतात वो," तू म्हणालास. "तिसरी पिन काय माह्या डोक्यात खुपसू?"

आणि हे खरं होतं, हीच तर चीड आहे. मी तुझ्याबरोबर किती मंडपांत फिरले आहे. एक वायर आकड्यानं खांबावरच्या तारेला, दुसरी वायर जमिनीत ठोकलेल्या पहारीला. कार्यक्रम रंगात आला की दिवे मंद व्हायचे, मग कुणीतरी म्हणायचं पहार तहानली, आणि तांब्याभर पाणी नेऊन तिच्या बुडाशी ओतायचं. दिवे परत उजळायचे, लोक टाळ्या वाजवायचे. मी तुला म्हणायचे, अरे, जिच्या अंगातून करंट चाललाय तिलाच तुम्ही पाणी पाजता. तू म्हणायचास, "तुले सगळीकडे मरनच दिसते." मला दिसायचं, दादा. मला ते शिकवलंच होतं. आणि शिकायला मला तूच पाठवलं होतंस.

हे मात्र मी विसरले नाही. बारावीनंतर सगळे म्हणत होते पोरीला शिवणकाम शिकवा. तू म्हणालास लाइटीचं शिकवा, शिवणारे लय आहेत. पहिल्यांदा खांबावर चढायचं आलं तेव्हा तू सुट्टी टाकून मेहकरला माझ्या आयटीआयत आलास, शिडीचा पाय धरून उभा राहिलास आणि खालून बेसुरं गात राहिलास, मला भीती वाटू नये म्हणून. तुला गाता येत नव्हतं. चारचौघांत तर मुळीच येत नव्हतं. माझे सर आणि सगळा वर्ग बघत होता आणि तू गात होतास. मी आज जी काही आहे त्याच्या खाली ती शिडी आहे.

पण माझं ऐकलं नाहीस. उलट तुझा शोध गावोगावी गेला. आनंदभाऊ गुरगुर काढून देतात, असं झालं. चिखलीची पार्टी आली, लोणारची आली, पार वरच्या संग्रामपूरकडून पोरं आली. तू ओसरीवर बसून प्लग उघडायचास, तिसरी पिन काढायचास, "घ्या, झालं" म्हणायचास. वहिनी चहा करून थकायची. माणसं तुझ्या पाया पडून जायची.

तरी थोडी गुरगुर उरलीच होती. मग तू मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलास आणि ठरवलंस की दोष पिकअपचा. तारांच्या खाली लोहचुंबक असतात, त्यांच्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली असते. तार थरथरली की ते थरथरणं तिथं पकडलं जातं आणि अँप्लिफायरकडे जातं. तुझ्या जुन्या पिकअपना एकच गुंडाळी होती. नव्यांना दोन, एकमेकींच्या उलट, म्हणजे एकीची गुरगुर दुसरीनं खाऊन टाकायची. तू ते मला इतक्या वेळा समजावलंस, जसं काही मी आयुष्यात कॉइल पाहिलीच नव्हती.

पिकअप कुरिअरनं आले आणि तू मला फोन केलास. "मीच बसवनार हाओ. तू फक्त बाजूले बस. हात लावला तं पाह्य."

तो दिवस मला फार आवडला होता. आता त्याच्याकडे बघवत नाही, पण आवडला होता हे खोटं कसं करू? सकाळची ओसरी, खाली जुनी सतरंजी, त्यावर गिटार उताणी. तुझी पोरगी, आपली यशू, मोबाइल तांब्याला टेकवून व्हिडिओ चालू करायची आणि तू म्हणालास की थांबवायची. स्क्रू तू ताटलीत ओळीनं मांडलेस. तारा सैल करून काढल्यास, एक तार सुटून तुझ्या गालाला लागली आणि यशू हसली. पांढरी पाटी उचलली तेव्हा खाली सगळा धुरळा, मेलेल्या मुंग्या आणि वायरींचा गुंता. तू म्हणालास, "या घरात तं कोनीच झाडलं नाही वाटते." मी म्हटलं, मागं बदाम कोरणाऱ्यानंच झाडलं असेल तर.

जुने पिकअप तू कापून बाजूला ठेवलेस. आणि मग तुला ती दिसली. ज्या पत्र्याला तारांची टोकं अडकवलेली असतात, त्या पत्र्याच्या मागून एक काळी वायर आत येत होती. तिचं दुसरं टोक आतल्या बटणाच्या पाठीला जोडलेलं असायला हवं होतं. ते नुसतं लोंबत होतं. कधी तुटलं असेल कोण जाणे, तुझ्याकडे गिटार आली त्याच्याही आधी असेल.

"पाह्य!" तू ओरडलास. "सापडली माय! म्हनून गुरगुरत होती! म्हनून हात ठेवला तरी बसत नव्हती!"

"व्हय," मी म्हटलं. "तारांची अर्थिंगच नव्हती."

तू जोडायला घेतलीस. तुझा डाख मला माहीत होता. सोल्डरिंग तुला मीच शिकवलं, आणि तुझा प्रत्येक टाका म्हणजे कबुतरानं घाण केल्यासारखा, राखाडी, उंचवटा आलेला, हात लावला की सुटणारा. मी तुला त्यावरून किती छळलं आहे! पण त्या दिवशी तू ब्लेडनं पाठ घासलीस, पेस्ट लावलीस, श्वास रोखून गरम टोक टेकवलंस आणि धातू पुरेसा तापेपर्यंत थांबलास. पहिल्यांदा थांबलास. डाख पाण्यासारखा पसरला, वायर आत घेतली, आणि थंड झाला तरी चकचकीत राहिला. मी वाकून पाहिलं. मी म्हटलं, "दादा, झकास बसला टाका." तू यशूकडे असं पाहिलंस की जणू तुला बोर्डात पहिला नंबर मिळाला.

तो टाका बरोबर होता. तसाच हवा होता. कुठल्याही पुस्तकात तो तसाच काढलेला असेल. आता मी रात्रंदिवस हेच घोकते, दादा. तू चूक काही केलंच नाहीस त्या गिटारमध्ये. ती तुटलेली वायर इतकी वर्षं पेटीतला करंट तारांपर्यंत येऊ न देता तुला वाचवत होती, आणि हे आपल्या दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

नाही, माझ्या आलं. थोडं आलं. तू तारा चढवल्यास, अँप्लिफायर लावलास. थोडीशी घूं घूं आली. तू पंजा तारांवर ठेवलास आणि आवाज बंद. पूर्ण बंद. ओसरीवर अशी शांतता पसरली की रस्त्यावरून जाणारी बकरी ऐकू आली. हात उचललास, घूं. हात ठेवलास, शांत.

"पाह्यलं का सुजे? मले वळखते आता."

मला ती शांतता बरी वाटली नाही. मी तेव्हाच बोलले. "ती तुला ओळखत नाही, दादा. तू आता तिला जोडला गेलास. त्या पेटीत जे उतरेल ते थेट तुझ्या बोटांपर्यंत येणार. प्लग दे इकडं, पिन लावते."

"आधी वाजवून तं पाहू दे."

"पिन कुठं ठेवली?"

"अबे, आता गाडी येऊन राह्यली. शनिवारी आनतो पेटी, तवा लाव तुही पिन. तू वायरमन कमी आन् भविष्यवाली जास्त झाली."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. दिलीपभाऊ पुढे बसले होते. पेटी मागे चढली, गिटार तू मांडीवर घेतलीस. मी फाटकाशी उभी राहून शेवटचं जे बोलले ते "पेटी भिजू देऊ नका" असं होतं. तू हात हलवलास.

शनिवार यायच्या आत तू आलास, पण जीपमध्ये आडवा.

मी माफी मागत नाहीये, हे ऐकून ठेव. मी सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस, आणि मी हे तुला मेल्यावरही ऐकवणार. तुझ्या जलदान विधीच्या वेळी भंतेजी अनित्यतेबद्दल बोलत होते, सगळं बदलतं, सगळं जातं. मी तुझ्या फोटोकडे बघत मनात म्हणत होते, जातं, पण दोन भोकांच्या बोर्डामुळे जायचं काही कारण नव्हतं. मग मला रडू आलं आणि मी तुझ्यावर चिडायचं विसरले. नंतर परत आठवलं. असंच चाललं आहे माझं, दिवसातून कितीदा.

पेटी घरी आली तेव्हा मी ती ओसरीवर लावली. गिटार लाकडी खाटेवर ठेवून जोडली. भर दुपारी टेस्टर तारेला टेकवला आणि वर तळहाताची सावली धरली. आतला दिवा लाल पेटला. मंद नाही, चांगला पेटला. तारांत करंट होता, आणि माइकच्या लोखंडाला ओठ लागताच त्याला तुझ्यातून जमिनीची वाट मिळाली होती. वहिनी दारात उभी होती.

"हे काऊन पेटलं?" तिनं विचारलं.

मी प्लग ओढून काढला. तिला कळलं. त्याच संध्याकाळी तिनं ती कोठी ओसरीवर ओढली.

पुढं तुझ्या लाडक्या लेकीनं मला खिंडीत गाठलं. तुला आदरांजली म्हणून साऱ्या पार्ट्या विहारासमोर येऊन दोन दोन गाणी म्हणणार असं ठरलं होतं. कलाकार गेला की आपल्याकडे गाऊनच निरोप देतात. आणि यशू म्हणाली, "आत्या, बाबाची गिटार मीच वाजवनार."

वहिनी म्हणाली, "त्या लाकडाले हात लावला तं मी चुलीत घालीन. तुलेही आन् त्यालेही."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी नाही म्हटलं असतं तर यशूनं ऐकलं नसतं. ती तुझीच पोरगी आहे. तिनं कुठल्यातरी दुसऱ्या मंडपात, मी नसताना, तीच गिटार आणि तीच पेटी लावली असती, आणि हीच गोष्ट मला झोपू देईना. म्हणून मी वहिनीला म्हटलं, "वाजवू दे. पण माझ्यासमोर. आणि आधी मी ती उघडणार."

उघडण्यासाठी स्क्रू ठेवायला यशूनं घरात डबा शोधला. ती तुझा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली आणि तो खुळखुळला. तिनं झाकण काढलं. दादा, तू त्या फेकल्या नव्हत्यास. पितळेची वस्तू आहे, कधी कामी येईल, म्हणून ठेवल्या असशील. तुझी ती सवयच. डब्यात बोटभर थर होता तिसऱ्या पिनांचा. काही काळवंडलेल्या, काही अजून चकाकणाऱ्या. मी एक उचलली, दुसरी उचलली. त्यातली प्रत्येक पिन कुणाच्यातरी पेटीतली होती, ती पेटी कुठल्यातरी गावात कुणीतरी आज वाजवत होतं. यशू म्हणाली, "आत्या, हे काय हाय?" माझा हात डब्यात होता आणि तो मला बाहेर काढवेना.

मग आम्ही गिटार उघडली. तुझे नवे पिकअप छान बसले होते. वायरी तू वळवून चिकटपट्टीनं नीट बांधल्या होत्यास. आणि तो टाका. तसाच चकचकीत.

यशू म्हणाली, "तो नोको काढू. तो बाबाचा हाय."

मला माहीत होतं की तो बाबाचा आहे. तुझ्या हातून आयुष्यात एक सरळ टाका पडला आणि तो मला काढायचा होता. पेटीचा प्लग मी नीट करणारच होते, जमिनीत अर्थिंगही करणार होते, पण दादा, माणसांचा भरवसा माझा उडाला आहे. उद्या कुणीतरी परत पिन काढेल. तारा कशालाच जोडलेल्या नसल्या तर निदान ती गिटार कुणाला धरणार नाही. मी गरम टोक टेकवलं. इतका चांगला बसलेला डाख फार भरभर वितळतो. वायर सुटून परत लोंबायला लागली, आणि मी तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. यशू तोंड फिरवून बसली होती. म्हणून तर गुरगुर परत आली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी विहाराच्या मागे खड्डा खणून घेतला. पाइप उभा केला, भोवती मीठ आणि कोळसा, वर पाणी. लोक विचारत होते ताई झाड लावतात काय. तिथून वायर आणून मी तीन भोकांचा माझा स्वतःचा बोर्ड स्टेजवर लावला आणि सगळ्या पार्ट्यांना बजावलं की पेट्या लागतील तर याच्यावरच. पिनांचा डबा मी पिशवीत घेतला होता. आल्या पेटीचा प्लग उघडायचा, पिन बसवायची, बंद. जे काम तू ओसरीवर बसून केलंस ते मी स्टेजच्या पायरीवर बसून उलटं करत होते. लोक कुरकुरत होते. "ताई, आनंदभाऊनं काढून देल्ती ना ही?" मी म्हणायचे, आनंदभाऊची बहीणच लावून राह्यली.

ऊन उतरलं आणि यशू चढली. वहिनी समोर बसली नाही, ती विहाराच्या भिंतीआड उभी होती. गिटार गुरगुरायला लागली. पहिल्या ओळीतले लोक कानावर हात नेऊन हसले. दिलीपभाऊ माझ्याकडे वाकून म्हणाले, "ताई, बरं नाही वाटत. भाऊचा कार्यक्रम हाय, आवाज तं साफ पाह्यजे." मी म्हटलं, गुरगुरू द्या. यशूनं वाजवलं. चुकली, थांबली, परत वाजवलं. तिच्या सुरांच्या मागं ती गुरगुर सारखी चालू होती आणि मी ती अशी ऐकत होते जसं आजारी लेकराचा श्वास ऐकतात. गुरगुर चालू आहे तोवर ती ठीक आहे, हे मला ठाऊक होतं. वाजवून झाल्यावर ती माइककडे वाकली आणि नुसतं "बाबा" म्हणाली. तिला काहीच झालं नाही. भिंतीआडून वहिनी बाहेर आली. मी पहिल्यांदा पाय पसरून बसले.

तेवढ्यात संग्रामपूरकडची पार्टी आली. त्यांची गाडी वाटेत बिघडली होती म्हणून उशीर झाला. घाईघाईत चढले, मला पायरीवर कुणी विचारलं नाही. मंडपवाल्याची जुनी दोन भोकांची वायर मागच्या बाजूला पडली होती, तिला पेटी लावली. मी खाली यशूला जवळ घेऊन बसले होते, स्टेजकडे माझी पाठ होती.

मला ऐकू आलं ते हे की गुरगुर अजिबात ऐकू येत नव्हती. गिटार लागली होती आणि आवाज अगदी स्वच्छ. मागची बाई म्हणाली, "आता कसं साफ येऊन राह्यलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी वळून पाहिलं. मिशीवाला चांगला तरणा माणूस, गळ्यात गिटार, एक पंजा तारांवर. तो माइककडे वाकत होता.

मी कशी पोचले मला सांगता येणार नाही. मेन स्विच मंडपाच्या खांबाला होता. मी खटका खाली ओढला आणि सगळं बंद पडलं, दिवे, पंखे, सगळं. "लाइट गेली, लाइट गेली" असा गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "कोनं बंद केली बे?"

"मी," मी म्हटलं.

तो माणूस स्टेजवरून उतरून आला. रागात होता. मी त्याच्या पेटीचा प्लग हातात धरला होता आणि वरच्या रिकाम्या भोकावर बोट ठेवून त्याला दाखवत होते. त्यानं पाहिलं आणि त्याचा राग गेला. अभिमानानं हसला. "ताई, हे तं आनंदभाऊनंच शिकवलं मले," तो म्हणाला. "मी आमच्याकडं समद्यायले करून देतो आता."

 मी पायरीवर बसले, पेचकस काढला, प्लग उघडला. यशूनं मोबाइलचा उजेड धरला. मग तिनं पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर धरला आणि मी आत हात घातला. डब्यात अजून खूप आहेत.